हार्ड डिस्क गेली, परवाना राहिला

संगणक दुरुस्तीच्या दुकानात रोज घडणारा हा व्यवहार आहे. लॅपटॉप सुरू होईनासा होतो, दुकानदार तपासून सांगतो, 'हार्ड डिस्क गेली.' नवी डिस्क बसते आणि बिल हाती येते. त्यात डिस्कची किंमत असते, मजुरी असते आणि तिसरी ओळ असते : 'विंडोज टाकणे'. या ओळीपाशी दुकानदार विचारतो, 'साधं टाकू की ओरिजनल?' साध्याचे किरकोळ पैसे, ओरिजनलचे काही हजार. गिऱ्हाईक गोंधळते. लॅपटॉप घेताना त्याच्या किमतीत विंडोजचेही पैसे दिलेले होते. मग डिस्कबरोबर तेही बुडाले का?

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे आहे. जळालेली डिस्क हे विंडोजचे राहण्याचे ठिकाण होते. ते वापरण्याचा परवाना दुसरीकडे नोंदलेला आहे आणि तो शाबूत आहे. तरीही असंख्य लोक एकदा पैसे दिलेल्या गोष्टीसाठी पुन्हा पैसे मोजतात किंवा हक्काचा परवाना हाताशी असताना चोरीची प्रत वापरत राहतात. परवाना नेमका कुठे असतो, हे कोणी त्यांना सांगितलेले नसते. गेल्या पन्नासएक वर्षांत ही जागा कागदावरून चकतीवर, चकतीवरून मदरबोर्डवर आणि तिथून कंपनीच्या सर्व्हरवर अशी सरकत गेली आहे. तो प्रवास समजला की बिलातली तिसरी ओळ तपासून पाहता येते.

वस्तू की परवानगी?

सुरुवातीच्या काळात सॉफ्टवेअर वेगळे विकलेच जात नसे. मोठा संगणक घेतला की त्याच्याबरोबर प्रणाली येत. १९६९ साली आयबीएम कंपनीने यंत्र आणि प्रणाली यांची किंमत वेगवेगळी लावण्याचा निर्णय जाहीर केला आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा होण्याची वाट मोकळी झाली. पण विकायचे म्हणजे काय विकायचे? प्रणालीची नक्कल फुकटात होते आणि नक्कल मुळाइतकीच चांगली असते. फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. ऑल्टेअर या संगणकासाठी आपण तयार केलेली बेसिक ही भाषा बहुतेक लोक न विकत घेताच वापरतात, अशी त्यांची तक्रार होती. ऑल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती विकत घेतली, असे त्यांनी त्यात म्हटले होते.

या प्रश्नावर उद्योगाने काढलेला तोडगा परवान्याचा होता. विंडोजचे पैसे देताना आपण विंडोज विकत घेत नाही, ते वापरण्याची परवानगी घेतो. जमिनीच्या भाषेत बोलायचे तर हे खरेदीखत नव्हे, भाडेपट्टा आहे. भाडे एकदाच आणि आगाऊ घेतलेले. भाडेपट्ट्यात अटी असतात. किती यंत्रांवर वापरायचे, दुसऱ्याला देता येईल की नाही, हे सारे त्या लांबलचक मजकुरात असते, ज्याच्या खाली आपण न वाचता 'मान्य' म्हणतो.

भारतीय कायद्यातही संगणक प्रणालीला वाङ्मयीन कृतीचे स्थान आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रणालींचा समावेश झाला. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली तरतूद आहे. ज्याच्याकडे प्रणालीची प्रत कायदेशीररीत्या आलेली आहे, त्याने ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामाकरता किंवा हरवणे, नष्ट होणे, बिघडणे यांपासून संरक्षण म्हणून तिची प्रत करणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. प्रत नष्ट होऊ शकते आणि तरीही हक्क उरतो, हे कायद्याने मानलेले आहे.

आकड्यांचे कुलूप

हक्क उरतो हे ठीक. पण यंत्राला तो कसा पटवायचा? सुरुवातीचे कुलूप अगदीच भोळे होते. विंडोज ९५ च्या सीडीवरचा क्रमांक तपासताना शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला सातने भाग जातो की नाही, एवढेच मुख्यतः पाहिले जाई. सातही जागी एक लिहिला तरी दार उघडे. पुढे पंचवीस अक्षरांची 'प्रॉडक्ट की' आली, पाच-पाचच्या पाच गटांत. पण एकच की दहा यंत्रांवर चालली तरी कोणाला कळण्याचे साधन नव्हते.

मराठी मुद्रणव्यवसायाने दुसऱ्या प्रकारचे कुलूप पाहिले आहे. श्रीलिपीसारख्या अक्षरजुळणीच्या प्रणालींबरोबर येणारे डाँगल डीटीपी चालकांना चांगले ठाऊक आहे. संगणकाच्या मागे ते खोचलेले असले तरच प्रणाली चालायची. परवाना अक्षरशः मुठीत मावणारी वस्तू होता. डिस्क बदला, संगणक बदला. डाँगल जवळ असले की काम सुरू. ते हरवले तर मात्र पंचाईत.

विंडोजमध्ये मोठा बदल झाला तो ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या एक्सपीपासून. आता की टाकून भागेना. तीस दिवसांत इंटरनेटवरून किंवा फोन करून 'ॲक्टिव्हेशन' करावे लागे. त्या वेळी संगणकाच्या दहा भागांची मिळून एक खूण तयार होई. प्रोसेसरचा प्रकार, त्याचा क्रमांक, मेमरीचे प्रमाण, डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्ड, सीडी ड्राइव्ह अशा भागांबरोबर त्यात हार्ड डिस्कला दोन जागा होत्या : एक प्रत्यक्ष डिस्कची आणि दुसरी फॉरमॅट करताना तिला मिळणाऱ्या क्रमांकाची. ठरावीक संख्येपेक्षा जास्त भाग बदलले, की विंडोज हे यंत्र नवे आहे असे धरून पुन्हा ॲक्टिव्हेशन मागे. म्हणजे चालू प्रणाली नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली, तर दहापैकी दोनच मते फिरत. तेवढ्याने काही बिघडत नसे. डिस्कबरोबर मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि नेटवर्क कार्डही बदलले, की फोन करण्याची पाळी येई.

परवाना मदरबोर्डवर

ब्रँडेड यंत्रांसाठी कंपन्यांनी वेगळी सोय केली. कारखान्यातच विंडोज भरून मिळणाऱ्या यंत्रांच्या बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधील मूळ प्रणालीत, त्या उत्पादकाची खूण ठेवलेली असे. विंडोज सुरू होताना ती खूण पाहून गप्प बसे. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळात ही पद्धत अधिक पक्की झाली. याशिवाय लॅपटॉपच्या पोटाखाली स्वतंत्र की छापलेला स्टिकर असे. घामाने आणि घासून पुसट झालेले ते स्टिकर अनेकांच्या आठवणीत असतील. डिस्क बदलल्यावर त्यावरची अक्षरे भिंगाखाली वाचणे हा दुरुस्तीवाल्यांचा नेहमीचा उद्योग होता.

२०१२ साली विंडोज ८ आले आणि स्टिकरवरची की गेली. आता कारखान्यात प्रत्येक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये स्वतंत्र की लिहिली जाऊ लागली. नवी डिस्क बसवून विंडोज टाकताना मांडणीची प्रणाली ही की स्वतःच वाचते. वापरणाऱ्याला काही विचारतही नाही. आपल्या लॅपटॉपची की आपण कधी पाहिलीच नाही, असे अनेकांना वाटते ते यामुळेच. ती यंत्राच्या पोटात आहे.

२०१५ मध्ये विंडोज १० बरोबर तिसरी पायरी आली. ॲक्टिव्हेशन झाले की यंत्राच्या भागांवरून तयार झालेली खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. यालाच 'डिजिटल लायसन्स' म्हणतात. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अद्ययावत झालेल्या यंत्रांना नवी की मिळालीच नाही. त्यांचा हक्क म्हणजे ही नोंद. २०१६ पासून ती मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडण्याची सोयही झाली. या नोंदीत मदरबोर्डचे महत्त्व सर्वांत जास्त आणि डिस्कचे नगण्य. म्हणूनच डिस्क बदलल्यावर तीच आवृत्ती पुन्हा टाकून संगणक इंटरनेटला जोडला, की परवाना आपोआप ओळखला जातो. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडून पुढे जायचे.

'तीच आवृत्ती' या शब्दांचे मोल

सगळी ग्यानबाची मेख 'तीच आवृत्ती' या दोन शब्दांत आहे. विंडोज एक नाही. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो असे तिचे प्रकार आहेत आणि परवाना त्यांतल्या एकाचाच असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ घरगुती लॅपटॉपांवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर मात्र बहुधा 'प्रो' तयार असते आणि सवयीने तेच टाकले जाते. होमचा परवाना प्रोला चालत नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरे उमटतात. ती घालवण्यासाठी दुकानदार एक 'ॲक्टिव्हेटर' चालवतो आणि गिऱ्हाईक खूश होते. हक्काचा परवाना मदरबोर्डवर तसाच पडून राहतो आणि वर चोरीची प्रत चालू लागते.

हे ॲक्टिव्हेटर काय करतात? मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने वेगळी पद्धत ठेवली आहे. संस्थेच्या आतला एक सर्व्हर तिथल्या संगणकांना परवाना देतो आणि तो दर १८० दिवसांच्या आत ताजा करावा लागतो. पुष्कळसे ॲक्टिव्हेटर अशा सर्व्हरचे सोंग घेतात. हे काम करू देण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि अनोळखी प्रणालीला यंत्राचा पूर्ण ताबा दिला जातो. ज्या संगणकावरून पुढे बँकेचे व्यवहार होणार, त्याच्या किल्ल्या अशा रीतीने परक्या हाती जातात. इंटरनेटवर काहीशे रुपयांत मिळणाऱ्या कीचाही भरवसा नाही. संस्थांसाठी दिलेल्या की सुट्या करून विकल्याचे प्रकार होतात आणि अशी की पुढे रद्द झाली की दाद मागायला जागा नसते.

कायद्याचा भागही आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार प्रणालीची बेकायदा प्रत संगणकावर जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून कैद टाळू शकते आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. घरात बसून अभ्यास करणारा विद्यार्थी आणि हिशेब लिहिणारे दुकान यांत कायदा फरक करतो, तो असा.

म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला देताना एक वाक्य पुरेसे आहे : 'याच्यावर मुळात जी आवृत्ती होती तीच टाका, ॲक्टिव्हेटर चालवू नका.' यंत्र अजून चालू असेल, तर सेटिंग्जमधील 'सिस्टीम' भागात आवृत्तीचे नाव आणि 'ॲक्टिव्हेशन'ची स्थिती पाहून लिहून ठेवावी. घरीच काम करायचे असल्यास मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून मांडणीची प्रणाली ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विनामूल्य उतरवता येते. प्रणालीची फाइल फुकट आहे. पैसे परवान्याचे असतात. लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर ठेवला तर पुढचा खोळंबा टळतो, कारण इंटरनेट जोडल्याशिवाय परवाना ओळखला जात नाही.

पूर्वी उत्पादक पुनर्स्थापनेच्या सीडी देत. नंतर ती सामग्री डिस्कच्याच एका लपवलेल्या भागात ठेवण्याची चाल पडली. डिस्क जळाली की तिच्याबरोबर तिचे औषधही जळते. म्हणून असा पेनड्राइव्ह यंत्र धडधाकट असतानाच करून ठेवलेला बरा.

डिस्कबरोबर जे जाते

विंडोजचा परवाना डिस्कबाहेर असला, तरी सगळेच परवाने तसे नसतात. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत परवाना त्या संगणकावर बसवलेला असतो. यंत्र फॉरमॅट करण्याआधी तो 'सरेंडर' करून नव्याने घ्यावा लागतो. लॅपटॉपबरोबर मिळालेले ऑफिस पहिल्यांदा ज्या खात्यातून सुरू केले, त्या खात्याशी बांधलेले असते. तो ईमेल पत्ता कोणाचा होता, हे वर्षांनंतर आठवत नाही. जुन्या मराठी मजकुराचे आणखी एक दुखणे आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली फाइल नव्या डिस्कवर उघडली आणि तो फाँट नसेल, तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. अशा फाइलींबरोबर त्यांचे फाँटही जपावे लागतात.

आणि सर्वांत मोठा फरक माहितीचा. परवाना परत मिळतो. फोटो, हिशेब, अर्धवट प्रबंध मिळेलच असे नाही. हल्लीच्या अनेक लॅपटॉपांत डिस्कवरची माहिती कूटबद्ध करून ठेवलेली असते आणि तिची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपच्या ताब्यात असते. अशी डिस्क चांगली असली आणि काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी ती ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागते. हा आकडा बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेला असतो. तो आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवावा. एरवी मदरबोर्ड बिघडल्यावर शाबूत डिस्कमधली आपलीच माहिती आपल्याला परकी होते. उलट जुनी, कूटबद्ध न केलेली डिस्क दुकानात सोडून येणे धोक्याचे आहे. 'गेलेल्या' डिस्कमधूनही जाणकार माणूस पुष्कळ काही वाचू शकतो. ती मागून घ्यावी.

मदरबोर्ड गेला तर?

इथे खरा पेच सुरू होतो. कारखान्यातून भरून आलेल्या, म्हणजे ओईएम प्रकारच्या परवान्यासाठी मायक्रोसॉफ्ट मदरबोर्डलाच संगणक मानते. डिस्क, मेमरी, पडदा, बॅटरी सारे बदलले तरी संगणक जुनाच. बिघडला नसताना मदरबोर्ड बदलला तर मात्र संगणक नवा, आणि परवाना संपला. मदरबोर्ड सदोष म्हणून बदलला असेल तर परवाना चालू राहतो. पण सर्व्हरला ते आपोआप समजत नाही, खात्यातून 'नुकताच हार्डवेअरचा भाग बदलला' असे कळवावे लागते किंवा मदतकक्षाशी बोलावे लागते. दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून आपल्याच नव्या यंत्रावर नेता येतो. तो महाग असतो, त्याचे एक कारण हे आहे.

ही अट सगळीकडे निमूट मानली गेली नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली असा निकाल दिला, की कायदेशीररीत्या एकदा बाजारात आलेली ओईएम प्रत यंत्राशिवाय विकण्यास मायक्रोसॉफ्ट कॉपीराइटच्या आधारे मनाई करू शकत नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूझसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितले, की कायमचा परवाना किंमत घेऊन दिला असेल तर ती विक्रीच होय आणि घेणारा तो पुढे विकू शकतो. मात्र त्याने आपल्याकडची प्रत निकामी केली पाहिजे. भारतात हा प्रश्न मुख्यतः करांच्या वाटेने न्यायालयात आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार, खोक्यात मिळणारे सॉफ्टवेअर विक्रीकरापुरते 'माल' ठरवले. मार्च २०२१ मध्ये आयकराच्या संदर्भात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी प्रत वापरण्याचा परवाना म्हणजे कॉपीराइटचे हस्तांतरण नव्हे. कर द्यायचा तेव्हा तो माल असतो, कपाटातल्या वस्तूसारखा पुढे द्यायचा तेव्हा करारातली अट आडवी येते. सामान्य वापरणारा या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

या साऱ्या यातायातीतून बाहेर पडण्याची एक वाट चार दशकांपासून खुली आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. डेबियन, उबुंटू किंवा आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणाली नव्या डिस्कवर टाकताना की लागत नाही, मदरबोर्डची चौकशी होत नाही. तिथेही परवाना असतोच. पण तो वापरण्याची, नक्कल करण्याची आणि वाटण्याची मोकळीक देतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. टीपीएमची दुसरी आवृत्ती नसल्यामुळे ज्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यांच्यासाठी ही वाट विशेष विचार करण्याजोगी आहे. टॅली किंवा जुनी अक्षरजुळणी यांवर ज्यांचा धंदा चालतो त्यांना ती सोयीची नाही; पण पत्रव्यवहार, वाचन आणि शाळेचा अभ्यास यांसाठी ती पुरते.

बिलातल्या तिसऱ्या ओळीकडे परत पाहिले तर तिचे दोन भाग पडतात. विंडोज टाकण्याला वेळ आणि कौशल्य लागते, त्याची मजुरी देणे रास्तच आहे. परवान्याची किंमत मात्र, यंत्र मूळ परवान्यासह घेतलेले असेल आणि मदरबोर्ड तोच असेल, तर पुन्हा देण्याचे कारण नाही. दुकानदाराने ती मागितली, तर आपल्या यंत्रावर मुळात कोणती आवृत्ती होती आणि तिचा परवाना आता का चालत नाही, हे त्याला विचारावे. पुष्कळदा तो स्वतःही पहिल्यांदाच तपासून पाहील.